दुरुस्तीचा रकाना

यशवंतपूर, बेंगळूर
ता. १२ नोव्हेंबर १९६१

ती. दाजींना गुंडोचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र पावलं. आक्काचे गुडघे पुन्हा धरले आणि खाली बसली की तिला भिंत धरून उठावं लागतं, हे वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत उकिडवं बसून पानं निवडली, त्याचं हे बक्षीस. तेल चोळून आता भागायचं नाही. मी एक उपाय कळवतो, तो हसण्यावारी न नेता शेवटपर्यंत वाचावा.

आमच्या कारखान्यात ओतकामाच्या खात्यावर फिनलंड देशाचे सालमी साहेब आले आहेत. त्या देशात घरटी एक घाम काढायची खोली असते, तिला साउना म्हणतात. लाकडाची बंद खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगडांचा ढीग. दगड तापले की वर तांब्याभर पाणी टाकायचं आणि बाकावर उघड्या अंगानं बसायचं. साहेबांना आपल्या बंगल्यामागं तशी खोली हवी होती. साचे करणारे आम्ही खात्यात नऊ जण आहोत. त्यांनी मला बोलावलं.

खोली आठ फूट बाय सहा, उंची सहा फूट दहा इंच. सागाला तापल्यावर तेलाचा वास सुटतो म्हणून तो घेतला नाही, शिवण घेतली. प्रत्येक खिळा पाव इंच आत ठोकून वर लाकडी बुच बसवलं, कारण तापलेलं लोखंड पाठीला लागलं तर डाग पडतो. हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. मला सुचलं.

साहेबांच्या आग्रहानं मीही बसतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, थर्मामीटरवर १७४ अंश फॅरनहाइट. नाडी आत जाताना ७२, बाहेर येताना ११८, वीस मिनिटांनी पुन्हा ७४. आठवड्यातून दोनदा असे पाच आठवडे झाले. रंधा मारून मारून उजव्या खांद्यात अकरा वर्षं बसलेली कळ तेरा आणे गेली. इथल्या गारठ्यात दर साल होणारी सर्दी अजून झालेली नाही. झोप गाढ लागते. पद्मावती मात्र म्हणते, "साहेबाकडं घाम गाळायला चार मैल जाता, घरी आडाचं पाणी ओढा म्हटलं की अंगात कसकस येते."

आक्कासाठी विचार व्हावा.
आपला,
गुंडो

---

मु. कुरणवाडी, ता. चिकोडी
ता. २६ नोव्हेंबर १९६१

चि. गुंडोस ज्योतिबा मास्तराचे आशीर्वाद.

फिनलंड शाळेच्या नकाशात शोधून काढलं. अर्धं वर्ष बर्फ. तिथल्या माणसानं घामासाठी खोली बांधली तर समजू शकतो. आमच्याकडं वैशाखात घाम काढायला खोली लागत नाही, आत ठेवायला लागेल. आणि बाळंतिणीला शेक-शेगडी आपल्या आया-आज्या देतच आल्या, त्यांना कुणी इंजिनिअर म्हटलं नाही.

तुझं पत्र पारावर वाचलं. नाडीच्या आकड्यांनी चांगली करमणूक केली. देवाप्पा म्हणाला, "मास्तर, मेव्हण्याला विचारा, साहेब घामेजला की त्याची नाडी इंग्रजीत मोजायची का मराठीत."

तुझी आक्का ठकू पारासमोरच्या आमच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी घरी आल्यावर म्हणाली, "बारा वर्षांचा असताना त्यानं गाडीचं चाक एकट्यानं बसवलं, तेव्हाही तुम्ही हसला होता. चाक अजून फिरतंय. नकाशा मागवा." तेव्हा नकाशा पाठव. हुकूम तिचा आहे, माझा नव्हे.

तुझा,
ज्योतिबा

---

यशवंतपूर, बेंगळूर
ता. ७ जानेवारी १९६२

ती. दाजींना सा. नमस्कार.

सोबत नकाशा. सहा रविवार त्यात गेले. परसू सुताराला समजावा म्हणून सगळी मापं फूट-इंचांत आणि अक्षरं मराठीत काढली आहेत. अर्धा इंचसुद्धा इकडंतिकडं करू नये म्हणावं. दाराला आतून कडी अजिबात नको. दार बाहेर उघडणारं, नुसत्या ढकलीनं निघणारं हवं.

नकाशाच्या उजव्या हाताला खाली एक चौकोन दिसेल. तो दुरुस्तीचा रकाना. कारखान्याचा कायदा असा, की नकाशा हातातून गेल्यावर त्यात काही बदलावं लागलं, तर काय बदललं, कशामुळे, चूक कुणाची आणि ती कधी कळली, हे त्या रकान्यात लिहून खाली सही करायची. कॉलेजातून आलेल्या मंडळींचे रकाने भरून वर पुरवण्या चिकटवाव्या लागतात. वीस वर्षांत माझ्या हातच्या नकाशांचा तो रकाना कोरा आहे. चौथीपर्यंतच शिकलेल्या माणसाचा. याचाही कोराच राहील.

दगडांविषयी. नदीतले घ्यावेत, गोल, गुळगुळीत, मुठीएवढे, एकूण चाळीस. साहेब मुंबईला गेले होते तेव्हा त्यांची वाट न पाहता मी स्वतः अर्कावतीच्या पात्रातून निवडून आणले. धारेला घासून घासून त्यांतला कच्चा भाग आधीच निघून गेलेला असतो, हा माझा विचार.

आक्कानं पहिले पंधरा दिवस पाच मिनिटांच्या वर बसू नये. पोट भरलेलं नको, अंगात ताप असताना नको. बाहेर आल्यावर अंग आपोआप निवू द्यावं आणि मीठ घातलेलं ताक प्यावं. छातीत धडधडलं तर तडक बाहेर. थर्मामीटर मागाहून पाठवतो.

आपला,
गुंडो

---

कुरणवाडी
ता. १८ फेब्रुवारी १९६२

चि. गुंडोस आशीर्वाद.

गोठ्याला लागून खोली उभी राहिली, दार तेवढं बसायचं आहे. परसू म्हणतो, एवढा नकाशा धरणाला लागत नाही. तुझा तो कोरा रकाना मी पारावर सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, आमच्या मेव्हण्यानं चुका करायलाही जागा आखून ठेवलीय, नुसत्या करायच्या राहिल्यात. रागावू नकोस.

दगडांचं काम ठकूनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. तुला माहीत आहे, डोहाकाठी साती आसरांचं, पाण्यातल्या बायांचं, ठाणं आहे. तिथला खडासुद्धा बायका घरी आणत नाहीत, आसरा मागं लागतात म्हणतात. तिनं खण-नारळ ठेवला, दहीभात ठेवला, हात जोडून सात वेळा विचारलं, आणि मग चाळीस दगड ओच्यात घालून वाहिले. दुखऱ्या गुडघ्यांनी पाच खेपा. मी गाडी जुंपतो म्हटलं तर म्हणाली, "मागून आणायची वस्तू गाडीतनं आणत नाहीत."

थर्मामीटरची वाट पाहतो.
ज्योतिबा

---

यशवंतपूर, बेंगळूर
ता. ११ मार्च १९६२

ती. दाजींना सा. नमस्कार.

थर्मामीटर भुश्यात गुंडाळून पार्सलनं पाठवला आहे. बाकाच्या वर चार फुटांवर टांगावा. उजव्या हाताला पटाशी लागल्यानं अक्षर वाकडं आलं आहे, क्षमा असावी. बाकी सर्व कुशल.

आपला,
गुंडो

ता. क. नदीतल्या दगडापेक्षा खाणीतला काळा दगड उष्णता अधिक वेळ धरतो असं आढळलं आहे. आपल्या सोयीनं बदलल्यास हरकत नाही.

---

कुरणवाडी
ता. २९ एप्रिल १९६२

चि. गुंडोस आशीर्वाद.

आज मी तुझी थट्टा करणार नाही. ठकू काल भिंतीला हात न लावता उठली. मी पाहिलं हे तिनं पाहिलं, म्हणून पुन्हा बसून पुन्हा उठून दाखवलं. आठवड्यातून दोनदा बसते, रात्री कण्हत नाही. मीही चार वेळा बसलो. माझी पाठ मोकळी झाली हे कबूल करतो. बाहेर येऊन ताक प्यालो की अंग कापसासारखं होतं. गावातल्या तीन-चार बायका आमच्याही सांध्यांना द्या म्हणून मागं लागल्या आहेत.

परवा पारावर उभा राहून सांगितलं, की माझ्या पोरीच्या लग्नात ज्याची मी "चौथी नापास" म्हणून ओळख करून दिली होती, त्या मेव्हण्याच्या डोक्यात आमच्या तालुक्याची शाळा मावेल. हे तुझ्या कानावर जावं म्हणून लिहितो. कुणी हसलं नाही.

तुझी ता. क. ठकूला वाचून दाखवली. म्हणाली, "उष्णता जरा कमी धरली तरी चालेल. मागून आणलेली वस्तू सोयीसाठी फेकायची नसते. आणि धोक्याचं काही असतं तर गुंड्यानं सरळ लिहिलं असतं." मलाही ते पटलं.

ज्योतिबा

---

यशवंतपूर, बेंगळूर
ता. ६ मे १९६२

ती. दाजींना सा. नमस्कार.

आपलं पत्र चार वेळा वाचलं. पद्मावतीला वाचून दाखवलं, शेजारच्यांना कन्नडमध्ये सांगितलं. पारावरच्या शब्दांबद्दल काय लिहू. तेरा वर्षं मी ते लग्न विसरलो नव्हतो, आज विसरलो.

आक्काला म्हणावं, आता सात मिनिटं बसायला हरकत नाही. दगडांचं तिच्या मनाप्रमाणे असू द्या.

आपला,
गुंडो

---

कुरणवाडी
ता. १७ जून १९६२

चि. गुंडो,

वाईट बातमी आहे. शनिवारी, नऊ तारखेला, ठकू आत बसली होती. मी दाराशी होतो. तिनं तांब्यानं पाणी टाकलं आणि आत बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. दार ओढलं तर ती तोंडावर हात धरून बसलेली, बोटांतून रक्त. एक दगड फुटून त्याची कपची उजव्या डोळ्यात गेली. त्याच दिवशी मोटारीनं मिरजेला नेलं. डॉक्टरांनी कपची काढली आहे. डोळ्याचं महिन्याभरानं सांगू म्हणाले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या नकाशात खोट नव्हती, परसूनंच भट्टीचं तोंड बोटभर मोठं ठेवलं होतं, त्यानं जास्त तापलं असेल असं मला वाटतं. मी त्याला नको ते बोललो. पण ठकू कुणालाच दोष देत नाही. ती वेगळंच बोलते. म्हणते, "पाण्यातल्या बायका मी विस्तवात घातल्या. विचारून आणल्या ते खरं, पण जाळायला नेते असं कुठं सांगितलं होतं."

तुझ्या साहेबाला विचारून बघ, असं का होतं.
ज्योतिबा

---

यशवंतपूर, बेंगळूर
ता. २७ जून १९६२

ती. दाजींना सा. नमस्कार.

पत्र मिळालं. आक्काच्या डोळ्याला आराम पडावा म्हणून पद्मावतीनं मल्लेश्वरच्या देवळात रोज जायचं धरलं आहे. कपची किती लांबीची होती, डॉक्टरांनी कोणतं औषध घातलं, डावा डोळा नीट आहे ना, हे सविस्तर कळवावं.

दगड फुटण्याची कारणं अनेक असू शकतात. साहेब सध्या कामात आहेत, सवडीनं विचारतो. तूर्त खोली बंद ठेवावी.

आपला,
गुंडो

---

कुरणवाडी
ता. १२ ऑगस्ट १९६२

चि. गुंडोस आशीर्वाद.

उजवा डोळा गेला. उजेड-अंधार कळतो, माणूस ओळखू येत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी शर्थ केली.

त्याहून मला दुसऱ्या गोष्टीची काळजी आहे. ठकूनं नदी सोडली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोज सकाळी डोहावर जाणारी बाई, आता घागरसुद्धा शेजारणीकडून आणवते. नागपंचमीला बायका झिम्मा खेळायला डोहाकाठच्या माळावर गेल्या, ही परड्यात बसून राहिली. मंगळवार-शुक्रवार अन्न घेत नाही. उरलेले दगड तिनं एकेक धुऊन हळद लावून परड्यात मांडलेत आणि त्यांच्यापुढं बसून बोलते. मी तीस वर्षं पोरांना शास्त्र शिकवलं, पण दगड का फुटला हे मला सांगता येत नाही, मग तिला काय समजावू.

ती सांगते तसं लिहितो:

"गुंड्या, तू जिवाला खाऊ नकोस. तुझं औषध खरं होतं, गुडघे अजून चांगले आहेत. चुकलं माझं. मोठ्यांच्या वस्तूला हात लावला, त्याचं फळ मी भोगते. तुझ्या घरावर त्याचं काही येऊ नये म्हणून मी आसरांना रोज सांगते, की तो लांब राहतो, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं."

ज्योतिबा

---

यशवंतपूर, बेंगळूर
ता. ३० सप्टेंबर १९६२

ती. दाजी,

नमस्कार लिहायचा मला हक्क नाही, तरी करतो. आपलं पत्र येऊन दीड महिना झाला. या दीड महिन्यात सात पत्रं लिहिली, सातही बंबात घातली. त्यांत मी दगडांच्या जाती लिहिल्या होत्या, भट्टीच्या तोंडाचं माप लिहिलं होतं. एक गोष्ट नव्हती. ती आता लिहितो.

मला ठाऊक होतं.

३ मार्चला, शनिवारी, साहेबांच्या खोलीत मी आणलेला दगड फुटला. साहेब बाकावर होते, मी पाणी टाकत होतो. एक तुकडा माझ्या उजव्या हातात शिरला, दुसरा साहेबांच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या फळीत पाव इंच रुतला. साहेबांनी दगड हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, हे नदीतले का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, की नदीतला दगड भट्टीवर ठेवत नाहीत. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्याच्या चिरांत पाणी शिरलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. तापलं की त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, मग दगड फुटतो. दाजी, फुटण्याचं कारण एवढंच. त्यात आसरा नाहीत, परसूच्या भट्टीचं तोंड नाही, आक्काचा अपराध तर नाहीच नाही.

ते पुढं म्हणाले, तुझी बहीण गावी अशी खोली बांधतेय ना, तिला आजच्या आज कळव. मी म्हटलं, कळवतो. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, कळवलंस? मी म्हटलं, कळवलं. तोवर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी जे लिहिलं ते आपल्याकडं आहेच. "उष्णता अधिक वेळ धरतो. सोयीनं बदलल्यास हरकत नाही." ही दोन वाक्यं करायला मला अख्खा रविवार लागला. दगड बदलले जावेत पण माझी चूक दिसू नये, असं माप मी काढत होतो. माझ्या डोळ्यांपुढं पार होता. आपण पत्र वाचताय, "बारा रुपयांचा थर्मामीटर आणि फुटका दगड" म्हणताय, देवाप्पा मांडीवर थाप मारतोय. तेवढं एक हसू मला सोसवणार नव्हतं. पटाशी वगैरे काही लागली नव्हती. पद्मावतीनं जखम बांधताना विचारलं होतं, "पटाशीनं मांस असं फाटतं होय?" मी तिला म्हटलं, तुला सुतारकीतलं काय कळतं.

मग आक्कानं दगड बदलायला नकार दिल्याचं आपलं पत्र आलं. ती म्हणाली होती, धोक्याचं असतं तर गुंड्यानं सरळ लिहिलं असतं. त्याच पत्रात आपण पारावर माझं कौतुक केल्याचं होतं. दाजी, मी ते पत्र चार वेळा वाचलं असं लिहिलं होतं, ते खरं आहे. चारही वेळा कौतुकाच्या ओळी वाचल्या आणि आक्काच्या ओळीवरून डोळा पुढं नेला. ६ मे रोजी पाच नव्या पैशांचं कार्ड जरी टाकलं असतं तरी काम झालं असतं. ३ मार्च ते ९ जून, अठ्ठ्याण्णव दिवस माझ्या हातात होते.

आपण परसूला बोलला. त्याची माफी मी आल्यावर मागेन, पण त्याला आधी सांगावं.

गेल्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, बहिणीचे गुडघे कसे आहेत. मी म्हटलं, उत्तम. त्यांनी खोली तापवली होती, मला बस म्हणाले. आत एकटाच होतो. समोरची जी फळी मी मार्चात दुरुस्त केली होती ती शोधायला लागलो. तुकडा रुतला होता तिथं मी बुच बसवून रेघेला रेघ मिळवून घासलं होतं. डोळ्यांनी जागा सापडेना. बोट फिरवत फिरवत गेलो तेव्हा लागली. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत सफाईचं काम ते आहे. मला तिथं बसवेना. दोन मिनिटांत बाहेर आलो. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आपला टॉवेल उचलला आणि ते घरात गेले. परत मला बोलावलेलं नाही.

घरी पद्मावतीला सांगितलं. तिला आधीच कळलं होतं असं वाटतं. एवढंच म्हणाली, "अहो, स्वल्प विचार करा. डोळा गेला तो तुम्हाला परत देता येत नाही. नदी तरी द्या."

म्हणून हे पत्र. आक्काला ते सबंध वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका. ती म्हणते, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे वाक्य तिनं पुन्हा आसरांपुढं म्हणू नये. मग पारावर वाचा. माझी पहिली पत्रं जिथं वाचली गेली तिथंच हेही वाचलं जावं.

गुंडो

---

कुरणवाडी
ता. ८ ऑक्टोबर १९६२

गुंडो,

पत्र ठकूला वाचून दाखवलं. ओळ गाळली नाही. तिनं मध्ये एकदाच थांबवलं आणि विचारलं, "तारीख कुठली म्हणालात?" मी म्हटलं, तीन मार्च. म्हणाली, "तेव्हा तर खोलीला दारसुद्धा बसलं नव्हतं." पत्र संपल्यावर उठून आत गेली. भिंत न धरता उठली, हे मी का पाहिलं कुणास ठाऊक.

सकाळी परड्यातले दगड टोपलीत भरले आणि डोहावर निघाली. चार महिन्यांनी. मी काही अंतरावरून मागं गेलो, एका डोळ्यानं उतरणीचा अंदाज येत नाही म्हणून. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, एकेक दगड सोडला, तोंड धुतलं. शेजारणी होत्या, त्यांच्याशी घटकाभर बोलत बसली. घरी आल्यावर जेवली. शुक्रवार होता.

तुझ्यावर मी काय रागावणार. रागावलो आहे, पण ते पत्रात मावणार नाही. आणि तू पाराला भ्यालास, तो पार मीच भरवत होतो. तुझी पत्रं मी मान वेळावून, तुझा आवाज काढून वाचत असे. हेही तुला कळलेलं बरं. तुझं शेवटचं पत्र पारावर वाचलं नाही. ठकू नको म्हणाली. परसूच्या घरी मात्र मी स्वतः जाऊन आलो.

ठकूचा निरोप, तिच्याच शब्दांत:

"आसरांचं आणि माझं मिटलं. गुंड्याचं आणि माझं मिटायचं आहे. त्याचा नकाशा परत पाठवते. त्यात त्यानं एक जागा कोरी ठेवलीय म्हणतात. ती भरून दे म्हणावं. भाऊबीजेला पाट मांडायचा की नाही, ते मी नकाशा बघून सांगेन."

नकाशा सोबत आहे.
ज्योतिबा

---

यशवंतपूर, बेंगळूर
ता. १४ ऑक्टोबर १९६२

ती. दाजींना आणि ती. आक्काला शिरसाष्टांग नमस्कार.

नकाशा पोहोचला. घडीवर हळदीचं बोट उमटलं आहे, ते पुसलेलं नाही. रकाना भरून रजिस्टर पोस्टानं परत पाठवत आहे. नकाशा मोटारीच्या धक्क्यानं चुरगळला तर अक्षर लागावं म्हणून त्यात लिहिलेलं इथंही उतरवतो.

काय बदललं: नदीतले दगड काढून टाकावेत. खाणीतला अखंड काळा दगड फोडून घ्यावा, आधी उघड्यावर तीन वेळा तापवून, लांब उभं राहून पाणी टाकून पारखावा, मगच भट्टीवर ठेवावा.

कशामुळे: नदीतल्या दगडात पाणी राहतं. तापल्यावर तो फुटतो.

चूक कुणाची: नकाशा करणाऱ्याची.

चूक कधी कळली: ३ मार्च १९६२.

कधी कळवली: ३० सप्टेंबर १९६२. दोनशे अकरा दिवसांनी.

मधल्या काळात काय गेलं: ठकुबाईचा उजवा डोळा.

सही: गुंडो कल्लाप्पा सुतार